पेटंटची फी आणि कॅनडाचं घड्याळ

डोमेन, एसएसएल सर्टिफिकेट, गाडीचा विमा... मुदत संपणाऱ्या गोष्टींशी आपली, म्हणजे आयटीवाल्यांची, ओळख जुनी आहे. तारीख चुकली की साइट बंद, रात्री दोनला फोन, आणि मग "रिमाइंडर कुणी लावलाच नव्हता का?" यावर तासभर मीटिंग.

पेटंटचंही असंच असतं. एकदा मिळालं की वीस वर्षं निवांत, असा पुष्कळांचा समज असतो. पण ते जिवंत ठेवायला फी भरत राहावी लागते, आणि तीही प्रत्येक देशात वेगळी. भारतात तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी. अमेरिकेत साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी, अशी तीनदाच. एका औषधाचं पेटंट पन्नास देशांत असेल तर भिंतीवर पन्नास घड्याळं टांगायची.

हा जाच काढला कुणी? फ्रान्समध्ये १८४४ च्या कायद्यापासून पेटंटवाल्याला दरवर्षी १०० फ्रँक मोजावे लागत. हप्ता चुकला की पेटंट गेलं. इंग्लंडची गंमत वेगळी होती. तिथे इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड अशी तीन वेगळी पेटंटं काढावी लागायची आणि सगळा खर्च ३०० पौंडांच्या वर जायचा. इतक्या कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागत की चार्ल्स डिकन्सने १८५० मध्ये त्यावर एक खवचट गोष्टच लिहिली. मग १८५२ मध्ये कायदा बदलला. तिन्हींसाठी मिळून एकच पेटंट, सुरुवातीला २५ पौंड, तीन वर्षं पुरी व्हायच्या आत ५०, आणि सात वर्षांच्या आत आणखी १००. बहुतेक पेटंटं पहिल्याच थांब्यावर उतरून गेली, कारण ५० पौंड भरण्याइतकी किंमत त्यांच्या मालकांनाच वाटत नव्हती.

मला ही रचना फार हुशारीची वाटते. कुठला शोध कामाचा आणि कुठला नुसता अडवून ठेवलेला, हे सरकारला कसं कळणार? तर मालकालाच अधूनमधून विचारायचं: हवंय का अजून? मग पैसे टाका. आपल्या भाषेत सांगायचं तर गार्बेज कलेक्शन. ज्याला कुणी धरून ठेवलेलं नाही, ते सगळ्यांसाठी मोकळं.

हे झालं एका देशातलं. खरा गुंता दोन देशांची घड्याळं एकमेकांना बांधलेली असतात तेव्हा होतो. एकोणिसाव्या शतकात ती खरंच बांधलेली होती. अमेरिकेत तेव्हा नियम होता की शोधाचं पेटंट आधी परदेशात घेतलं असेल, तर त्या परदेशी पेटंटची मुदत संपेल त्या दिवशी अमेरिकेतलंही संपणार.

यात सापडला साक्षात एडिसन. त्याच्या विजेच्या दिव्याचं अमेरिकन पेटंट (क्रमांक २२३८९८) २७ जानेवारी १८८० चं. सतरा वर्षांच्या हिशोबाने ते जानेवारी १८९७ पर्यंत चालायला हवं होतं. पण कॅनडातलं पेटंट त्याच्या दोन महिने आधी, नोव्हेंबर १८७९ मध्येच मिळालं होतं, आणि त्याची मुदत होती १५ वर्षं. झालं! नोव्हेंबर १८९४ मध्ये कॅनडातल्या पेटंटबरोबर अमेरिकेतलंही आटोपलं. बरं, हे पेटंट वैध आहे असा अपिलातला निकाल मिळायलाच १८९२ उजाडलं होतं. म्हणजे कोर्टात जिंकल्यावर भोगायला मिळाली जेमतेम दोन वर्षं.

मग परदेशातलं पेटंट मुदत संपून नव्हे, तर अटी न पाळल्यामुळे रद्द झालं असेल तर? हा प्रश्नही १८९० मध्ये पोल विरुद्ध अँकर ब्रुइंग खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने म्हटलं की मूळ मुदत मोजायची, मधला अकाली मृत्यू नाही. नाहीतर पॅरिसमधली एक चुकलेली फी न्यूयॉर्कमधलं पेटंट घेऊन बुडाली असती.

ही बांधाबांध अमेरिकेने १८९७ मध्ये सोडवली. १८८३ च्या पॅरिस करारातही १९०० मध्ये ब्रसेल्सला कलम घातलं गेलं, की प्रत्येक देशातलं पेटंट स्वतंत्र. एक मेलं म्हणून दुसरं मरत नाही. पुढे फी चुकवणाऱ्यांसाठी किमान सहा महिन्यांची सवलतही त्या करारात आली. (भारत या करारात आला तो १९९८ मध्ये.)

आता पुन्हा कॅनडा. सेमाग्लुटाइड, म्हणजे ओझेम्पिक आणि वेगोव्हीमधलं औषध. नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने त्याच्या कॅनडातल्या पेटंटची २५० कॅनेडियन डॉलरची वार्षिक फी भरून पुन्हा परत मागितली होती. पुढे २०१९ मध्ये पेटंट कार्यालयाचं पत्र आलं की दंडासह ४५० डॉलर भरा, वर्षभराची मुदत आहे. ते भरलेच गेले नाहीत आणि पेटंट रद्द झालं.

२०२५ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा '४५० डॉलरची घोडचूक' म्हणून सगळीकडे खिल्ली उडाली. मला ते पटत नाही. फी परत मागणारा माणूस विसरलेला नसतो, तो विचार करत असतो. तेव्हा हे मधुमेहाचं एक नवं औषध होतं. वजन घटवण्यासाठी वेगोव्हीला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती २०२१ मध्ये. शिवाय हे पेटंट तसंही मार्च २०२६ मध्ये संपणार होतं, आणि चाचण्यांच्या माहितीला वेगळं संरक्षण होतं ते जानेवारी २०२६ पर्यंत. फरक पडतो तो इथे: कॅनडात औषधाचं पेटंट चालू असेल, तर जास्तीत जास्त दोन वर्षांची वाढीव मुदत मिळू शकते. मेलेल्या पेटंटला ती कशी मिळणार? तरीही अमेरिकेतलं पेटंट मात्र १९०० च्या त्या तत्त्वामुळे धक्का न लागता २०३० नंतरही चालणार आहे.

आणि हे सगळं कॅनडातच व्हावं! १९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्सुलिनचं पेटंट प्रत्येकी एका डॉलरला टोरंटो विद्यापीठाला दिलं. त्याच विद्यापीठाची परवानगी घेऊन ऑगस्ट क्रोग डेन्मार्कला परतला आणि तिथे नॉर्डिस्क सुरू झाली, आजच्या नोव्हो नॉर्डिस्कची एक पूर्वज.

कॅनडाचा दरवाजा उघडल्यावर तिथे शिरू पाहणाऱ्यांत आपली डॉ. रेड्डीजही होती. अडचण अशी की माल बनणार भारतात, आणि इथलं पेटंट जिवंत. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. डॉ. रेड्डीजने भारतीय पेटंटच्या वैधतेलाच आव्हान दिलं. त्यात प्रथमदर्शनी दम आहे असं म्हणत न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये उत्पादन थांबवायला नकार दिला. माल बनवा आणि जिथे पेटंट नाही त्या देशांत पाठवा. फक्त इथलं पेटंट संपेपर्यंत भारतात विकायचा नाही, तशी हमी कंपनीने आधीच दिली होती.