‘क्विट’ आणि ‘इव्हॅक्युएट’ : पालघर-तारापूरच्या इतिहासातील जाण्याचे इंग्रजी शब्द

१/
इंग्रजीत निघून जाण्यासाठी शब्दांची वाण नाही. लीव्ह, क्विट, विथड्रॉ, रिट्रीट, व्हेकेट, इव्हॅक्युएट. मराठीत यांतील बहुतेक ‘सोडणे’ आणि ‘रिकामे करणे’ या दोन क्रियापदांत भागतात. मात्र कोण जातो, कोणाच्या सांगण्यावरून जातो आणि त्या जागेवर हक्क कोणाचा, हे इंग्रजी शब्द निरनिराळ्या रीतीने सांगतात. पालघर तालुक्याने यांतील दोन शब्दांची किंमत मोजली आहे.

२/
१९४२ चा उन्हाळा. क्रिप्स शिष्टाई फसली होती. सिंगापूर फेब्रुवारीत पडले, रंगून मार्चमध्ये गेले. ब्रिटिशांनी जावे, असे गांधीजी ‘हरिजन’मधून लिहू लागले होते. प्रश्न होता तो ही मागणी एका इंग्रजी घोषणेत बसविण्याचा.

३/
शांतिकुमार मोरारजी यांनी नोंदविलेली हकिकत प्रसिद्ध आहे. मुंबईत सहकाऱ्यांशी चर्चा चालू असता कोणी ‘गेट आउट’ सुचविले. गांधीजींनी ते असभ्य म्हणून नाकारले. राजाजींनी ‘रिट्रीट’ किंवा ‘विथड्रॉ’ सुचविले. तेही पटले नाही. मग युसुफ मेहेरअली यांनी ‘क्विट इंडिया’ ही अक्षरे कोरलेले धनुष्य भेट दिले, आणि गांधीजी उद्गारले, ‘आमेन’. (गंमत अशी की, राजाजींना या आंदोलनाचा मार्गच मान्य नव्हता, जुलैत त्यांनी काँग्रेस सोडली.)

४/
मेहेरअली त्या वर्षी मुंबईचे महापौर होते. १९२८ ची ‘सायमन गो बॅक’ ही घोषणाही त्यांच्याच नावावर आहे. तिच्यातील ‘गो बॅक’ हे बंदरावर उतरलेल्या पाहुण्याला उद्देशून होते : आल्या पावली परत फिरा. दीडदोनशे वर्षे घरात राहिलेल्याला ते लागू पडले नसते.

५/
नाकारलेल्या शब्दांकडेही पाहावे. ‘रिट्रीट’ म्हणजे हरून मागे हटणे; मलाया आणि ब्रह्मदेशात ब्रिटिश फौजा तेच करत होत्या, त्यामुळे तो शब्द जखमेवर मीठ ठरला असता. ‘विथड्रॉ’ मवाळ आहे. सैन्य मागे घेतात, दावा मागे घेतात, बँकेतून पैसे काढतात. सर्वांना तोच शब्द. ज्याने ठेवले त्यानेच काढून घेतले, असा मालकीचा भाव त्यात राहतो.

६/
‘क्विट’चे कूळ वेगळे. लॅटिन ‘क्विएतुस’, म्हणजे शांत, मोकळा. तेथून जुन्या फ्रेंचमार्गे ऋणातून किंवा बंधनातून मुक्त होणे. आरोपीला निर्दोष सोडणारा ‘अक्विट’ आणि देणेघेणे फिटल्यावर म्हणायचा ‘क्विट्स’ हे याच घराण्यातले.

७/
शिवाय हा कायद्याचा शब्द आहे. घरमालक भाडेकरूला जागा सोडण्यास सांगतो, ती ‘नोटीस टू क्विट’. ब्रिटिशांनीच केलेल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ११३ व्या कलमात हे शब्द जसेच्या तसे आहेत. गांधीजी बॅरिस्टर, मेहेरअलींचे शिक्षणही कायद्याचे. हा अर्थ त्यांच्या कानांवर पडला नसेल, असे मानणे कठीण. दोन शब्दांत मालक कोण आणि भाडेकरू कोण हे ठरून गेले, आणि सभ्यताही सुटली नाही.

८/
तरीही ८ ऑगस्टच्या रात्री गवालिया टँकवर संमत झालेल्या ठरावात ‘क्विट’ नाही. तेथे ब्रिटिश सत्तेच्या ‘विथड्रॉअल’ची मागणी आहे. ठरावाची भाषा एक, रस्त्यावरची दुसरी.

९/
आणि मराठी मुलखातील रस्त्यावरची तर तिसरीच. येथे घोषणा झाली ‘चले जाव’. शब्द हिंदुस्तानी, वळण मुंबईचे. त्यात नोटीस नाही, भाडेपट्टा नाही. मराठीत उलटवावे तर ‘चालते व्हा’ होईल, आणि मराठी घरात ते कोणत्या सुरात म्हटले जाते हे सांगायला नको. इंग्रजीत असभ्य म्हणून टाळलेले ‘गेट आउट’ अशा रीतीने मागील दाराने परत आले. भाषांतर म्हणून हे सैल. घोषणा म्हणून मूळ इंग्रजीहून सरस.

१०/
९ ऑगस्टच्या पहाटे नेते पकडले गेले. पाच दिवसांनी, १४ ऑगस्टला, मांगेली आणि वाडवळी बोलणाऱ्या किनारपट्टीच्या गावांतून माणसे पालघरच्या कचेरीवर मोर्चाने निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तिवारी आणि सुकूर मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. ज्यांना जा म्हटले ते अजून पाच वर्षे राहिले, म्हणणारे गेले.

११/
पालघरचा हुतात्मा चौक आजही दर १४ ऑगस्टला गजबजतो. गावात त्याला पाचबत्ती म्हणतात.

१२/
आता दुसरा शब्द. पालघरच्या पुढे बोईसर स्थानक लागते. तेथून समुद्राकडे गेले की तारापूर अणुऊर्जा केंद्र. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. पुढे ५४० मेगावॅटच्या आणखी दोन आल्या : चौथी २००५ मध्ये, तिसरी २००६ मध्ये. क्रम उलटा, पण खरा.

१३/
अणुकेंद्राभोवती १.६ किलोमीटरच्या वर्तुळात वस्ती असू नये, हा त्या काळचा दंडक. या वर्तुळाचे इंग्रजी नाव ‘एक्स्क्लूजन झोन’. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांमुळे अक्करपट्टी आणि पोफरण ही शेती-मासेमारीवर जगणारी गावे उठली. त्याबाहेरचा पट्टा ‘स्टरिलाइज्ड’, म्हणजे लोकवस्ती वाढू द्यायची नाही असा. त्याहून मोठ्या वर्तुळासाठी आपत्कालीन आराखडा असतो, आणि त्यात शब्द येतो ‘इव्हॅक्युएशन’.

१४/
‘इव्हॅक्युएट’च्या पोटात लॅटिन ‘व्हॅकुउस’ आहे : रिकामा. मूळ अर्थ रिकामे करणे. आधी जागा रिकामी होत असे. पुढे तोच शब्द माणसांना लागला. येथे व्याकरण पालटते. ‘क्विट’मध्ये जाणारा कर्ता असतो, मग त्याला नोटीस का मिळालेली असेना. ‘इव्हॅक्युएट’मध्ये जाणारा कर्म होतो. त्याला हलवतात.

१५/
सरकारी कागदांतील नावांचा प्रवासही असाच बोलका. महाराष्ट्राचा १९७६ चा पुनर्वसन कायदा नावातच ‘डिस्प्लेस्ड’ म्हणत होता, म्हणजे जागेवरून उठविलेले. १९८६ च्या कायद्यात त्याजागी ‘अफेक्टेड’ आले, म्हणजे परिणाम झालेले. कायद्याची व्याप्ती त्याने वाढली हे खरे. ज्यांची जमीन गेली पण घर राहिले, तेही आत आले. पण ज्याचे घर गेले त्याच्यासाठी तो शब्द फारच सौम्य आहे. मराठीने मात्र ‘प्रकल्पग्रस्त’ केले. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला, जसा ग्रहणात चंद्र. इंग्रजीचा सौम्यपणा येथेही मराठीत टिकला नाही.

१६/
अक्करपट्टी-पोफरणच्या पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. नवी वसाहत झाली, घरे आखली गेली. मासेमारी करणाऱ्याचा प्रश्न घरापुरता नसतो. होडी कोठे लागते, जाळे कोठे वाळते, मासळी कोठे सुकते, हेही त्याचे गाव असते. ‘रिहॅबिलिटेशन’च्या रकान्यांत हे सहज बसत नाही.

१७/
घराबाहेर पडणारा मराठी माणूस उंबऱ्यावर ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. इंग्रजी ‘लीव्ह’ला ही सोय नाही. सरकारी आदेशालाही नसते : गाव खाली करण्याच्या नोटिशीवर परतीची तारीख नसते. नव्या वसाहतीला लोक आजही पोफरण आणि अक्करपट्टीच म्हणतात.