उटण्याचं पाकीट आणि सहा ऋतू

आज बोलायचं आहे उटण्याबद्दल, पण सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करावी लागेल.

आमच्या गटाने एका दिवाळीला उटणं केलं. नागरमोथा, वाळा, गव्हला-कचोरा, आंबेहळद, गुलाबकळी, मसूर डाळीचं पीठ, म्हणजे घरोघरी असतं तेच. खप बरा झाला, तरी काही पाकिटं उरली आणि त्यात पैसे अडकले. पुढे वैशाखात लग्नसराई आली, तेव्हा तीच पाकिटं आम्ही 'नवरीसाठी लेप' म्हणून दिली. आठ दिवसांत एक वहिनी पोरीला घेऊन दारात उभ्या राहिल्या. पोरीचे गाल लालभडक, कातडी कागदासारखी ताणलेली, आणि लग्न दहा दिवसांवर. वहिनी ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "दिवाळीला हिने हेच लावलं होतं ना गं? तेव्हा का नाही झालं असं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. पोरीला घेऊन आम्ही नाशिकला एका वैद्यांकडे गेलो. त्यांनी औषध नंतर दिलं, आधी तिला प्रश्न विचारले. लेप कशात कालवला? पाण्यात. किती वेळ ठेवला? वाळून तडे जाईपर्यंत. कसा काढला? घासून. मग कुठे गेलीस? मळ्यात, कांदे भरायला. वैद्यांनी कपाळाला हात लावला आणि कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. 'सार्थ वाग्भट'. वाग्भटाचा 'अष्टांगहृदय' हा संस्कृत ग्रंथ साधारण सातव्या शतकातला. डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याचं हे मराठी केलं.

त्यातला सूत्रस्थानाचा बाविसावा अध्याय वैद्यांनी आम्हाला वाचून दाखवला. तोंडाला लावायचा लेप किती जाड असावा, तेसुद्धा बोटाच्या रुंदीवर मोजून दिलंय: पाव, तिसरा हिस्सा किंवा अर्धा. लेप ओला आहे तोवरच ठेवायचा, वाळला की तो कातडी बिघडवतो. काढताना आधी भिजवायचा आणि काढल्यावर तेल लावायचं. लेप असताना उन्हात जायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, दिवसा झोपायचं नाही, बोलायचं नाही, रडायचं नाही, रागवायचं नाही. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे लेप लावायला आधी माहेरी जावं लागेल!" सगळ्या हसल्या, ती पोरगीसुद्धा.

त्याच अध्यायात पुढे सहा लेप आहेत, सहा ऋतूंचे सहा. श्लोक अर्धा अर्धाच, पण प्रत्येकाचं सामान वेगळं. हेमंताच्या लेपात बोराच्या बीमधला गर, अडुळशाचं मूळ, लोध्र आणि पांढरी मोहरी. शिशिरात काळे तीळ, दारुहळदीची साल, सोललेले जव. वसंतात दर्भाचं मूळ, चंदन, वाळा, शिरीष, बडीशेप आणि तांदूळ. ग्रीष्मात कमळाच्या जातीची फुलं, दूर्वा, ज्येष्ठमध, चंदन. पावसाळ्यात तीळ परत येतात, बरोबर वाळा, जटामांसी, तगर. शरदात तालीसपत्र, ज्येष्ठमध, अगरू. थंडीत मोहरी-तिळासारखं उबेचं आणि ओशट, तर उन्हाळ्यात पाण्यातलं आणि गारव्याचं, हे वाचून कुणालाही कळेल. गंमत म्हणजे या सहांमध्ये आपली स्वयंपाकातली हळद कुठेच नाही. दारुहळद आहे, पण ते झाडच निराळं. हळद दुसऱ्या औषधांत भरपूर येते, पण बारा महिने तोंडाला हळद फासा, असं काही त्या ग्रंथात नाही.

आता आपल्या दिवाळीच्या उटण्याकडे बघा. दिवाळी येते शरद संपता संपता, हेमंत दारात असताना. वाग्भट म्हणतो, सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येत्या ऋतूचा पहिला आठवडा हा ऋतुसंधी. त्यात जुनं हळूहळू सोडायचं आणि नवं हळूहळू धरायचं. आमच्या मते आपलं अभ्यंगस्नान नेमकं तेच करतं. आधी अंगाला कोमट तेल, ते हेमंताचं. त्यावर वाळा-नागरमोथ्याचं उटणं, तो मागे राहिलेला शरद. म्हणजे आपण विकलं ते पंधरा दिवसांसाठीचं सामान, तेही त्याच्या अर्ध्या विधीशिवाय. तेल राहिलं घरी आणि वैशाखाच्या उन्हात नुसती कोरडी पूड गेली तोंडावर. त्यात ती पूड सहा महिन्यांची जुनी.

वाग्भट सिंधू देशातला म्हणतात. मग आपल्या नाशिकचं काय? तर ऋतूंचा हिशेब इथे त्याहूनही जुना आहे, आणि तो दगडावर कोरलेला आहे. मुंबई-आग्रा रस्त्याने जाता-येता पांडवलेणी दिसतात, तीच त्रिरश्मी लेणी. तिथल्या कितीतरी शिलालेखांत चैत्र-वैशाख असे महिने नाहीत. तारीख लिहिली आहे ऋतूने: उन्हाळ्याचा अमुक पंधरवडा, पावसाळ्याचा अमुक पंधरवडा, हिवाळ्याचा अमुक पंधरवडा. ऋतू तीनच, गिम्ह, वास आणि हेमंत.

यातला एक लेख आपल्या गटांनी पाठ करावा असा आहे. अभीर राजा ईश्वरसेन याच्या राज्याचं नववं वर्ष, उन्हाळ्याचा चौथा पंधरवडा, तेरावा दिवस. काळ साधारण तिसऱ्या शतकाचा. विष्णुदत्ता नावाच्या एका शक बाईने गोवर्धन गावातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांचा संघ. हे गोवर्धन म्हणजे गंगापूरजवळचं गोवर्धन, असं मानतात. कुलरिक, म्हणजे बहुधा कुंभार, त्यांच्याकडे १००० कार्षापण. पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे २०००. ठेव घेणाऱ्यांत तिळपिषक, म्हणजे तीळ गाळणारे तेलीही आहेत. व्याज कशासाठी? लेण्यात राहणाऱ्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. याच परिसरात उषवदाताचा त्याहून जुना लेख आहे. त्यात विणकरांच्या संघांकडे ठेवलेल्या २००० कार्षापणांवर महिना शेकडा एक व्याज ठरलं होतं आणि दुसऱ्या १००० वर शेकडा पाऊण. आपण गटात काय दर लावतो, ते प्रत्येकीने आपापल्या वहीत बघावं! आम्हाला मात्र त्या लेखात दिसली ती एक बाई, तिची ठेव, तेलाचा घाणा आणि औषध. चारही गोष्टी आपल्याच ओळखीच्या.

ग्रंथात आहे ते सगळं जसंच्या तसं आपल्याला लागू पडतं असं मात्र नाही. पावसाळ्यासाठी वाग्भट सांगतो की पायी चालू नये, कपडे धुपवून सुगंधी ठेवावेत, वरच्या मजल्यावर राहावं. त्याच दिवसांत आपल्या पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या बाया भाताच्या आवणात पोटरीपर्यंत चिखलात उभ्या असतात. वरचा मजला कुठून आणायचा? ग्रंथ सुखवस्तू माणसासाठी लिहिला होता. ऋतूचं मर्म घेऊन हाताशी असेल ते वापरायचं, हे काम घरातल्या बायकांनी केलं. लावणीला जायच्या आधी पायाला करंजाचं तेल. थंडीत मोहाच्या बियांचं तेल, नाहीतर घरच्या खुरासणीचं. भेगांना कोकमतेल विस्तवावर पातळ करून. ग्रंथात सांगितलेलं चंदन यातल्या कितीजणींना परवडलं असेल? वाळा नदीकाठी मिळायचा, दूर्वा दारात.

नाशिक शहरात वसंताची आणखी एक रीत आहे. रंगपंचमीला शनिचौक, तिळभांडेश्वर गल्ली अशा ठिकाणच्या पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात. जमिनीखालचे मोठे हौदच ते. त्यात पळसाच्या फुलांचा रंग उकळून टाकतात. त्यात एक बुडी मारली की उन्हाळ्यात अंगावर फोड येत नाहीत, असं जुने लोक सांगतात. त्याचा पुरावा आम्ही मागितलेला नाही, बुडी मात्र मारली आहे.

काही गोष्टी मात्र वाग्भटाच्या कुठल्याच ऋतूत नव्हत्या. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी झाली की काडीला पेस्ट लावायचं काम निघतं, आणि ते बरेचदा बायकांच्याच हातात असतं. त्या औषधाने हाताची सालं निघतात, आग होते. त्यावर कुठलाही लेप लावू नका. रबरी हातमोजे मालकाकडून मागून घ्या. हात भाजलाच तर भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. पुढे लगेच निफाडची थंडी येते. पारा एवढा उतरतो की बागा वाचवायला शेकोट्या पेटवतात. सकाळी गार पाण्यात हात घातले की बोटांना चिरा पडतात. तिथे हेमंताचा नियम अजून तसाच चालतो: आधी तेल, मग काम, रात्री परत तेल. मधुमेह असलेल्या बाईच्या पायाला भेग पडली तर घरचं काही न करता आधी डॉक्टरांना दाखवायचं. पावसाळ्यातल्या चिखल्यांत पू झाला तरी तेच.

त्या पोरीचं तोंड लग्नाआधी निवळलं. उरलेली पाकिटं आम्ही परत मागवली, पैसे दिले आणि तोटा सगळ्यांच्या नावावर सारखा टाकला. विकायला माल करायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, हेही आम्हाला तेव्हाच कळलं. तो मिळेपर्यंत आम्ही करतो ते आपापल्या घरापुरतं. महिनाभरात संपेल एवढंच दळायचं, डब्यावर तारीख लिहायची, आणि नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं.

गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी आता दुसरी एक वही आहे. सहा ऋतूंचे सहा भाग पाडायला निघालो होतो, पण बायका बोलताना उन्हाळा, पावसाळा, हिवाळा एवढंच म्हणतात, म्हणून लेण्यातल्यासारखे तीनच भाग ठेवले. हिवाळ्याची पानं भरली. उन्हाळ्याची निम्मी झाली. पावसाळ्याच्या पानावर सध्या चारच ओळी आहेत. कारण सोपं आहे, आम्ही सगळ्या निफाडच्या बाजूच्या आणि खरा पाऊस बघितलेल्या बाया पेठ-सुरगाण्याच्या. लावणी उरकली की आम्ही तिकडच्या गटांकडे वही घेऊन येणार आहोत. तुमच्या आजी, सासूबाई पायाला काय लावायच्या, कधी लावायच्या आणि काय लावू नको म्हणायच्या, तेवढं तोवर आठवून ठेवा.