मेरेटा तळ्याची कैफियत



गावाच्या तळ्यावर हिरवी साय धरलेली आपण सर्वांनीच पाहिली आहे. जनावरे धुतली, उकिरड्याचा ओघळ आत आला, वळवाच्या पावसाने शेतातले खत वाहून आणले आणि वर चार दिवस चांगले ऊन पडले, की शेवाळ माजलेच म्हणून समजा. यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण जिथे वर्षातले दहाएक महिने तळ्यावर बर्फाचे जाड झाकण असते आणि हिवाळ्यात तीन महिने सूर्य क्षितिजावरच येत नाही, तिथल्या पाण्यात असेच खत पडले तर काय होईल? आजची हकीकत अशाच एका तळ्याची आहे.

कॅनडाच्या अगदी उत्तरेला कॉर्नवॉलिस नावाचे बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, सुमारे पाऊणशे अक्षांशावर, रेझोल्यूट हे ठिकाण. एका इंग्रजी जहाजावरून हे नाव पडले. (त्याच जहाजाच्या लाकडाचे टेबल व्हिक्टोरिया राणीने १८८० साली अमेरिकेच्या अध्यक्षांना भेट दिले.) तिथल्या इन्युइट लोकांच्या भाषेत मात्र या जागेचे नाव आहे ‘जिथे उजाडत नाही ते ठिकाण’. मला विचाराल तर हेच नाव खरे.

१९४७ साली येथे हवामान केंद्र उभे राहिले आणि पाठोपाठ विमानतळ झाला. १९५३ व १९५५ साली सरकारने काही इन्युइट कुटुंबे दीड हजार किलोमीटरांहून अधिक दक्षिणेकडून आणून या उजाड किनाऱ्यावर वसवली. त्यांचे जे हाल झाले त्याबद्दल कॅनडाच्या सरकारने २०१० साली माफी मागितली. ती कहाणी स्वतंत्र भाषणाची आहे. येथे एवढेच ध्यानात ठेवायचे, की आपल्या गोष्टीतली घाण या गरिबांच्या वस्तीची नव्हती, ती सरकारी तळाची होती. १९४९ पासून तळावरचे सांडपाणी आणि मैला वाहत जाऊन शेजारच्या मेरेटा नावाच्या लहान तळ्यात पडू लागला. गोठणाऱ्या मुलुखात थोडी घाण पडली तर काय बिघडते, असे कुणालाही वाटावे!

आता जवळच दुसरे एक तळे आहे, चार तळे. हा ‘चार’ म्हणजे आकडा नव्हे बरे का, तिथल्या एका माशाचे नाव आहे. या तळ्यात घाण पडत नव्हती. १९६८ ते १९७२ या काळात टोरांटो विद्यापीठाचे फ्रँक रिगलर आणि त्यांचे सहकारी या तळ्याचा बारकाईने अभ्यास करीत होते. एक तळे स्वच्छ, दुसरे खतावलेले, आणि हवा, बर्फ, अंधार दोघांना सारखेच. शिक्षक मंडळींच्या लक्षात आले असेल, की प्रयोगशाळेत मुद्दाम मांडावा तसा हा प्रयोग आपोआप मांडला गेला होता.

चार तळ्याचे पाणी इतके नितळ, की उजेड थेट तळाला पोचे. पाण्यात तरंगणारे शेवाळ फारच थोडे. त्या तळ्यात वर्षभरात जे काही हिरवे अन्न तयार होई, त्यातला सुमारे चार-पंचमांश भाग तळाशी दगडांना व चिखलाला चिकटलेल्या शेवाळाचा आणि पाणशेवाळीचा होता. वर तरंगणाऱ्यांच्या वाट्याला उरला एक हिस्सा. कारण सोपे आहे. शेतकऱ्याला ठाऊक असते, की नत्र भरपूर घातले पण स्फुरद कमी पडले तर पीक स्फुरदापाशीच अडते. ध्रुवाकडच्या बहुतेक तळ्यांत स्फुरद असाच चिमटीचिमटीने मिळतो.

मेरेटाच्या पाण्यात मात्र मैल्याबरोबर स्फुरद आणि नत्र दोन्ही आले. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली याचा वृत्तांत छापला. तरंगणारे शेवाळ शेजारच्या तळ्यापेक्षा कितीतरी वाढले होते. ते मेले, तळाशी बसले, कुजले. आणि वर बर्फाचे झाकण असल्यामुळे हिवाळ्यात खोल पाण्यातला प्राणवायू खालावत गेला. म्हणजे थंडीने तळ्याला वाचवले नव्हते. हेच शिंडलर १९७३ साली ऑन्टारिओ प्रांतातल्या एका तळ्याच्या मधोमध पडदा टाकून बसले होते. एका बाजूला कर्ब व नत्र, दुसऱ्या बाजूला तेच आणि वर स्फुरद. स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली. शेवाळाला कोण माजवतो, हा वाद त्या दिवसांत जोरात होता, कारण कपडे धुण्याच्या भुकटीत स्फुरद असे आणि कारखानदारांचा पैसा त्यात गुंतलेला होता.

शाळेत याची झलक दाखवता येते. काचेच्या दोन बाटल्यांत तळ्याचे पाणी भरा, एकीत सुपर फॉस्फेटचे दोन-चार दाणे टाका आणि दोन्ही खिडकीत ठेवा. मुलांना रोजचा रंग वहीत लिहायला सांगा. पाणी कुणी पिणार नाही एवढे पाहा.

पण १९४९ पूर्वी मेरेटा कसे होते? तेव्हा तर तिथे कुणी मोजमाप केले नव्हते. हे काम तळाच्या गाळाने केले. डायाटम नावाचे एक सूक्ष्म शेवाळ असते. त्याला काचेच्या जातीचे, झाकणाच्या डबीसारखे कवच असते आणि प्रत्येक जातीची नक्षी वेगळी. शेवाळ मरते, कवच गाळात राहते. वर्षावर वर्षे थर चढत जातात. गाळात एका प्रकारचे किरणोत्सर्गी शिसे असते, ते सुमारे २२ वर्षांत निम्मे होते. त्यावरून थराचे वय काढता येते. नळीने गाळाचा उभा तुकडा काढला, की जुने दप्तर हाती आले म्हणायचे.

कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी हे दप्तर वाचले, तेव्हा सांडपाण्याच्या वर्षांपाशी डायाटमच्या जाती बदललेल्या दिसल्या. इथवर अपेक्षेप्रमाणेच. चकित करणारी गोष्ट पुढची. उबदार देशांतल्या तळ्यात खत वाढले, की पाण्यात तरंगणाऱ्या डायाटम जातींची गर्दी होते. मेरेटात ती झालीच नाही. बदल झाले ते तळाशी व काठाशी चिकटून राहणाऱ्या जातींतच. लांबलेल्या बर्फामुळे तरंगणाऱ्या डायाटमांना मोकळ्या पाण्याचा हंगामच पुरेसा मिळत नव्हता. पेरणीला खत आहे पण शेत मोकळेच होत नाही, अशी गत. तेव्हा कोणते शेवाळ वाढेल हे खत एकट्याने ठरवीत नाही, बर्फालाही विचारावे लागते.

पुढे तळावरची माणसे कमी झाली, १९९८ साली सांडपाणी थांबले, आणि त्याच दशकात मेरेटातले स्फुरदाचे प्रमाण उतरलेले आढळले. तळे सावरू लागले, तेही कुणी साफ न करता.

आणि शेजारचे स्वच्छ चार तळे? त्यात कुणी कधी नळ सोडला नाही. तरी त्याच्या गाळाच्या अगदी वरच्या थरात डायाटमच्या जाती अलीकडे थोड्या बदललेल्या सापडल्या. तपासणाऱ्यांनी त्याचा संबंध वाढत्या उष्म्याशी आणि कमी होणाऱ्या बर्फाशी लावला आहे.