करार पेशव्यांचा, गद्दारीचा शिक्का मात्र आमच्या माथी?



१ जानेवारी जवळ आला की व्हॉट्सअॅपवर एक प्रश्न हमखास फिरू लागतो. "परक्या इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांचा कसला शौर्य दिन?" आपली पोरं चिडतात, दोन शिव्या देतात, चार खातात आणि विषय तिथेच संपतो. चिडून काही होणार नाही. या प्रश्नाला इतिहासात चोख उत्तर आहे. मीरा-भाईंदरला राहणाऱ्याला तर ते शोधायला लांब जायचीही गरज नाही.

आपले मीरा-भाईंदर साष्टी बेटावर आहे. इथे आधी पोर्तुगीजांचे राज्य होते. घोडबंदरचा किल्ला ही त्याचीच खूण. १७३७ च्या मोहिमेत चिमाजी अप्पाच्या फौजांनी साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये खाडीपलीकडची वसईही जिंकली. मराठ्यांनी रक्त सांडून मिळवलेला हा मुलूख इंग्रजांकडे कसा गेला? महार शिपायांनी तो दिला का?

नाही. पेशवेपदासाठी हपापलेला रघुनाथराव इंग्रजांकडे फौज मागायला गेला. मार्च १७७५ मध्ये सुरतेला करार झाला. कंपनीने २,५०० सैनिक द्यायचे, रघुनाथरावाने खर्च भरायचा आणि वर साष्टी व वसई तोडून द्यायची. साष्टीवर इंग्रजांचा डोळा आधीपासून होताच. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतलाही होता. रघुनाथरावाने त्या घुसखोरीला मान्यतेचा कागद दिला. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे आज आपण ज्या जमिनीवर राहतो, ती भाडोत्री फौजेची किंमत म्हणून देऊ केलेली जमीन आहे.

आता भाईंदरची खाडी ओलांडून वसईला चला. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून पळाला तो वसईला. तिथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. कंपनीचे किमान ६,००० पायदळ तोफखान्यासह त्याच्या राज्यात कायमचे राहणार, त्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख कंपनीला मिळणार आणि इतर राज्यांशी काय बोलायचे तेही कंपनीला विचारून ठरणार. मे १८०३ मध्ये बाजीराव पुन्हा गादीवर बसला, तो इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात. महाराष्ट्राचे स्वातंत्र्य कोरेगावला गेले नाही. ते पंधरा वर्षे आधी वसईला, पेशव्याच्या सहीने गेले होते.

आता कोरेगावची लढाई बघा. १ जानेवारी १८१८. कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली सुमारे ५०० पायदळ, त्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. सोबत दोन तोफा, मद्रासचे गोलंदाज आणि सुमारे २५० घोडेस्वार. हे घोडेस्वार कुठले? पुणे ऑक्झिलरी हॉर्सचे. ऑक्झिलरी म्हणजे पूरक. जून १८१७ च्या पुणे तहात पेशव्याने अशी पूरक फौज पोसण्यासाठी कंपनीला मुलूख लिहून दिला आणि त्या तहानुसारच हे घोडदळ उभे राहिले. म्हणजे कोरेगावात पेशव्याच्या फौजेवर चालून जाणारे घोडेसुद्धा पेशव्याच्याच कराराच्या दाण्यावर वाढले होते!

आणि समोर कोण होते? पेशव्याच्या बाजूने अरब लढले, गोसावी लढले. अरब इथले भूमिपुत्र होते का? शिंद्यांच्या पलटणी द बॉइन आणि पेराँ या फ्रेंच भाषा बोलणाऱ्या युरोपियनांनी उभ्या केल्या होत्या. खुद्द पेशव्याची कवायती ब्रिगेड कॅप्टन फोर्ड नावाच्या इंग्रजाकडे होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई पेटली तेव्हा ती दापोडीहून निघाली आणि इंग्रजांना जाऊन मिळाली. त्या काळात परक्याची फौज घेणे आणि परक्याच्या फौजेत जाणे हा सर्रास चाललेला व्यवहार होता. राजे, सरदार, पेशवे, सगळ्यांनी तो केला. मग गद्दारीचा शिक्का एकट्या महारावरच का?

कारण सरळ आहे. सही करणाऱ्याला इतिहासात 'मुत्सद्दी' म्हणतात, फार तर 'दुबळा' म्हणतात. बंदूक धरणारा अस्पृश्य असला की तो 'गद्दार' होतो. ज्या पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता असे बाबासाहेबांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले, त्या पेशवाईशी त्याने कोणत्या नात्याने निष्ठा ठेवायची होती?

पण मित्रांनो, उत्तर इथे संपवले तर आपलीच फसवणूक होईल. कंपनी आपल्या मुक्तीसाठी लढत नव्हती. ती व्यापारी होती, तिला राज्य हवे होते. आपल्या पूर्वजांना पगार हवा होता आणि माणूस म्हणून उभे राहायची जागा हवी होती. त्यांनी पराक्रम केला, विजयस्तंभावर 'नाक' प्रत्यय असलेली २२ नावे कोरली गेली. पुढे काय झाले?

शरण आलेल्या बाजीरावाला वर्षाला ८ लाखांची पेन्शन आणि बिठूरला आराम मिळाला. जिंकून देणाऱ्यांच्या नातवंडांसाठी १८९० च्या दशकात लष्कराचे दरवाजे बंद झाले. 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत काढून इंग्रजांनी महारांची भरती थांबवली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये विलायतेच्या भारतमंत्र्यापर्यंत मागणी नेली. महायुद्ध पेटले, माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली. युद्ध सरले आणि १९२१ मध्ये ती मोडली. गरज पडली की बोलवायचे, भागली की घरी पाठवायचे. ज्याच्या हातात स्वतःचा करार नसतो, त्याची गत अशीच होते.

हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १ जानेवारी १९२७ ला ते कोरेगावला गेले. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजांना तोंडावर विचारले की तुमच्या राज्यात तरी आम्हाला लष्कर खुले आहे का? दुसऱ्या महायुद्धात ते राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर गेले आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पण ते पलटणीवर थांबले नाहीत. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयपुढे लेखी निवेदन ठेवले. त्यातून १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के आरक्षण आणि परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. युद्धात सहकार्य दिले, पण अटी लिहून घेतल्या. स्तंभावरची नावे ते संविधानातले कलम, हा प्रवास असा झाला.

आता आजचे बघा. २०२२ पासून अग्निपथ योजना आहे. चार वर्षे नोकरी, जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम, बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी घेऊन घरी. पेन्शन नाही. ही योजना आली तेव्हा नेपाळ सरकारने गुरखा भरती पुढे ढकलायला लावली. कारण नेपाळकडे १९४७ चा त्रिपक्षीय करार आहे आणि नवी भरती त्या करारात बसते का, हे विचारायचा त्यांना हक्क आहे. आपल्या वस्तीतल्या पोराच्या वतीने हा प्रश्न कोण विचारतो? भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोराला आपण पाठिंबा देऊच, पण पंचविसाव्या वर्षी तो घरी परतला तर त्याच्या हाती काय असेल, हेही आपणच विचारले पाहिजे.

तेव्हा पुढच्या १ जानेवारीला कुणी गद्दार म्हटले तर चिडू नका. १७७५ चा सुरतेचा आणि १८०२ चा वसईचा करार कुणी केला एवढेच विचारा. आणि घरी आल्यावर आपल्या पोरांना १९२१ चीही गोष्ट सांगा. शौर्य आपल्याकडे कधीच कमी नव्हते. कमी पडली ती लेखी हमी. ती मिळवणे हेच बाबासाहेबांनी शिकवलेले राजकारण आहे.

जय भीम! जय संविधान!