उतारवयाची बेगमी : बडोद्याच्या मराठी नोकरदाराचा एक दुर्लक्षित इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला सातवीत चक्रवाढ व्याज शिकविले. त्यांच्याइतके सोपे करून ते पुढे कोणी शिकविल्याचे मला आठवत नाही. तेच गुरुजी निवृत्त झाले तेव्हा हाती आलेला फंड दोन मुलींच्या लग्नांत आणि घराच्या छपरात दोन वर्षांच्या आत संपला, आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत ते शिकवण्या करीत राहिले. हे मी त्यांना उणेपणा देण्यासाठी सांगत नाही. त्यांच्या पिढीतील बहुतेकांची हीच कथा आहे, आणि तिला एक इतिहास आहे. साहित्याच्या प्राध्यापकाने पैशावर बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. म्हणून प्रारंभ एका शब्दापासूनच करतो.

पावसाळ्यापूर्वी धान्य, सरपण, पापड-लोणची भरून ठेवणे याला आपण ‘बेगमी’ म्हणतो. हा शब्द फारसीतून आला. ‘बे’ म्हणजे विना, ‘गम’ म्हणजे दुःख, चिंता. तेव्हा बेगमीचा मूळ अर्थ साठा हा नसून निश्चिंतता हा आहे. साठा असूनही निश्चिंतता नसणे शक्य आहे, हे आपल्या पूर्वजांच्या लक्षात आले होते की नाही, कोण जाणे! आजच्या विषयाचा गाभा मात्र तोच आहे. या इतिहासाकडे मी एकाच प्रश्नाच्या झरोक्यातून पाहणार आहे : कर्ता पुरुष गेल्यावर त्याच्या पत्नीच्या हाती काय उरले?

मराठेशाहीत या प्रश्नाला एक उत्तर होते. लढाईत पडलेल्या शिपायाच्या कुटुंबाला ‘बालपरवेशी’ मिळे. शास्त्री-पंडितांना वर्षासन असे. कोणाला इनाम जमीन असे. ही सारी राजाच्या मर्जीची देणी होती, हक्क नव्हते. तरीही त्यांचा एक विशेष होता : ते देणे एकदम हातात पडत नसे, वर्षानुवर्षे झिरपत राही. मुंबई इलाख्यात १८५२ च्या इनाम कायद्यान्वये चौकशा सुरू झाल्या, सनदा तपासल्या गेल्या आणि कित्येक घराण्यांचे ते झरे आटले. ज्यांची जमीन गेली त्यांची मुले इंग्रजी शिकून नोकरीला लागली. त्यांतीलच काही पुढे बडोद्याच्या वाटेला लागली.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८१ च्या अखेरीस राज्यकारभार हाती घेतला. नवनवी खाती उघडली, १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू झाले, आणि कारकून, मास्तर, ओव्हरसियर, डॉक्टर यांची गरज वाढली. पुण्या-साताऱ्याकडून, कोकणातून माणसे आली. या माणसांना व्यापाराचे आकर्षण नव्हते. गुजराती शेजारी दुकान काढी, आपला माणूस अर्ज लिही. दरमहाचा पगार आणि त्यामागून येणारे पेन्शन, ही त्याची नवी इनाम जमीन होती. पेन्शनीची नोकरी असलेल्या वराला मुलीचे वडील डोळे मिटून होकार देत. त्यांनी डोळे उघडे ठेवायला हवे होते, कारण हे पेन्शन पुरुषाच्या श्वासाबरोबर संपणारे होते. विधवेला हयातभर मिळणारे, आज आपण ओळखतो तसे कुटुंब-निवृत्तिवेतन केंद्र सरकारच्या नोकरीतसुद्धा १ जानेवारी १९६४ पासून सुरू झाले.

माझे वडील १९६१ साली गेले. ते आधी बडोदे संस्थानचे, १९४९ च्या विलीनीकरणानंतर मुंबई राज्याचे आणि १९६० नंतर गुजरातचे पेन्शनर होते. तीन सरकारे बदलली, पेन्शन बदलले नाही. मात्र त्यांच्या तेराव्यापूर्वीच ते थांबले. त्या वेळी मी अकरा वर्षांचा होतो. आईजवळ चार बांगड्या, एक मोहनमाळ आणि वडिलांच्या एकट्याच्या नावावरचे पोस्टाचे पासबुक होते. त्या पासबुकाकडे मी शेवटी परत येईन.

सरकारवर विसंबून राहण्याचा दोष सर्वांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी याच शहरात भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन झाली. देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला १९०४ साली. म्हणजे आपली माणसे कायद्याच्या पंधरा वर्षे पुढे होती. थोडेथोडे जमवावे आणि नडलेल्याला द्यावे, एवढेच त्या मंडळीचे अर्थशास्त्र. या वास्तूत बसलेल्या अनेकांच्या आजोबांचे खाते तेथे असेल. पुढे तिची मोठी बँक झाली, आणि शंभरी ओलांडल्यावर, या शतकाच्या पहिल्या दशकात, तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध येऊन ती कायमची मिटली. परस्परविश्वासावर उभी राहिलेली संस्था चार पिढ्या टिकली हे थोडके नव्हे. पण पाचव्या पिढीच्या ठेवीदाराला त्याचे सांत्वन किती?

२० जुलै १९०८ रोजी महाराजांच्या प्रेरणेने बँक ऑफ बडोदा निघाली. पाचच वर्षांनी, १९१३ साली, लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पेसी बँक यांच्यासह अनेक स्वदेशी बँका कोसळल्या. बडोद्याची बँक टिकली. ज्यांच्या ठेवी बुडाल्या त्यांना मात्र कोणीही वाली नव्हता. ठेवींना विम्याचे कवच मिळायला १९६० साल उजाडावे लागले : त्या वर्षी लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, तेव्हा कुठे कायदा होऊन १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदारामागे १,५०० रुपयांचा विमा लागू झाला. ती मर्यादा १९९३ साली एक लाख आणि २०२० साली पाच लाख झाली. ही मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व खात्यांना मिळून असते. चार पावत्या केल्या म्हणजे चौपट विमा झाला, असे समजणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत.

आता ज्यावर गुरुजींचे आणि आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य तरले, त्या भविष्यनिर्वाह निधीकडे वळू. ब्रिटिश हिंदुस्थानात त्याचे कायदे १८९७ व १९२५ साली झाले. कारखान्यांतील कामगारांसाठी १९५२ साली. १९२५ च्या कायद्यातील एक तरतूद मला फार अर्थपूर्ण वाटते : सक्तीने कापून जमा केलेली ही रक्कम सावकाराला कोर्टाच्या हुकुमानेही जप्त करता येत नाही. त्याच सुमारास, १९२३ मध्ये, पत्नीच्या व मुलांच्या हितासाठी उतरविलेल्या आयुर्विम्याला तसेच संरक्षण हिंदू कुटुंबांनाही सर्वत्र मिळाले. मूळ कायदा १८७४ चा. आपल्या स्त्रियांपर्यंत तो पोचायला एकूणपन्नास वर्षे लागली. कायद्याने सावकाराला दाराबाहेर ठेवले खरे. घरातल्या प्रेमळ मागण्यांना मात्र कायदा कसा अडविणार? लग्न, घर, मुलाचे शिक्षण यांसाठी फंडातून उचल मिळे आणि ती घेतली जाई. उरले ते निवृत्तीच्या दिवशी गठ्ठ्याने हाती येई. आयुष्यभर तीस तारखेची वाट पाहण्याची सवय असलेल्या माणसाच्या हाती एकदम मोठी रक्कम आली की त्याला आपण श्रीमंत झालो असे वाटते. हे श्रीमंतीचे वर्ष सर्वांत धोक्याचे! त्याच वर्षी दूरचे भाचे जवळ येतात.

ज्यांनी गठ्ठा राखला, त्यांनाही एका उंदराने गाठले. तो म्हणजे महागाई. वर्षाला सात टक्क्यांनी भाव वाढले तर सुमारे दहा वर्षांत ते दुप्पट होतात. साठीत पुरणारे व्याज सत्तरीत निम्मे होऊन बसते. गुरुजींचे चक्रवाढ व्याज येथे उलट्या दिशेने चालते. त्यातून व्याजाचे दरही स्थिर नसतात. १९८८ साली आलेले किसान विकासपत्र साडेपाच वर्षांत दामदुप्पट देई. २०११ साली ते बंद झाले आणि २०१४ साली परत आले तेव्हा दुपटीला १०० महिने लागू लागले. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी १९६८ साली निघाला. त्यावर १९८६ पासून २००० च्या आरंभापर्यंत १२ टक्के मिळत, एप्रिल २०२० मध्ये तोच दर ७.१ वर आला. आणि ‘युनिट ६४’? सरकारी म्हणून ज्याच्यावर निवृत्तांनी डोळे झाकून भरवसा ठेवला, त्या योजनेची पुनर्खरेदी जुलै २००१ मध्ये सहा महिन्यांसाठी थांबविली गेली. त्या आठवड्यात आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात कोणी फारसे बोलत नव्हते.

१ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या नोकरीत आलेल्यांचे (लष्कर वगळून) ठरीव पेन्शन गेले. गुजरातने १ एप्रिल २००५ पासून तीच वाट धरली. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांचे उतारवय बाजाराच्या चढउतारावर अवलंबून आहे. या योजनेतून साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या सरकारी नोकराला, जमा रक्कम अगदी लहान नसेल तर, किमान ४० टक्क्यांची ‘ॲन्युइटी’ घ्यावी लागते. मराठीत तिचे नाव वर्षासन. पेशव्यांचा शब्द असा परत आला! मात्र हे वर्षासन घेताना एक प्रश्न विचारला जातो : हप्ता केवळ तुमच्या हयातीपर्यंत हवा, की तुमच्या पश्चात पत्नीलाही? पहिल्यात आकडा मोठा दिसतो, दुसऱ्यात थोडा कमी. अर्ज भरताना कृपा करून त्या आकड्याकडे दोनदा पाहा. एप्रिल २०२५ पासून केंद्राने जी एकीकृत योजना आणली, तीत निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या निवृत्तिवेतनाचे ६० टक्के जोडीदाराला देण्याचे ठरले आहे.

माझ्या वडिलांच्या पासबुकावर कोणाचेही नाव लावलेले नव्हते. बँकांच्या ठेवींवर वारस-नियुक्तीची, म्हणजे नॉमिनेशनची, सोय १९८५ साली झाली. नोव्हेंबर २०२५ पासून तर चार नावे लावता येतात. (नाव लावले म्हणजे मालकी गेली असे नव्हे, हे विम्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच सांगितले होते, म्हणून मृत्युपत्र वेगळे करावेच लागते.) आईला त्या पासबुकातील चारशे अकरा रुपये मिळायला अकरा महिने लागले. त्या काळात मोहनमाळ गेली. पैसे हाती आले त्याच दिवशी तिने त्याच खिडकीवर नवे खाते उघडले, आणि आयुष्यात प्रथमच स्वतःच्या नावाची सही केली. पोस्टमास्तरांनी ती सही दोनदा करून घेतली, कारण पहिली रकान्याच्या बाहेर गेली होती.