अठरा कचेरी आणि समोरचा विधान सौध

मागच्या भागात आपण किल्ल्यात होतो. आज किल्ल्यातून कारभार बाहेर कसा पडला ते बघू.

1638 नंतर शहाजीराजे बेंगळुरात राहिले, तेव्हाचा किल्ला केंपेगौडाने बांधलेला, मातीचा. हैदर अलीने 1761 मध्ये तो दगडात घेतला. आत टिपूने 1791 च्या सुमारास सागवानी महाल पुरा केला. 1831 मध्ये म्हैसूरचा कारभार इंग्रजांनी हाती घेतला आणि सगळी दफ्तरं याच महालात आणून कोंबली. सुंदर कमानी, नक्षीदार छत आणि त्याखाली कारकुनांची बैठक! लाकडी इमारत असल्या वापरासाठी नसतेच. शेवटी कमिशनर बाउरिंग यांच्या काळात नवी इमारत ठरली.

ती रचली रिचर्ड सँकी यांनी. हे मद्रास इंजिनिअर्सचे अधिकारी. मीही सॅपर, अल्सूरच्या आमच्या केंद्राची परंपरा त्याच दलातून आलेली, त्यामुळे सँकींबद्दल मी थोडा पक्षपाती आहे हे आधीच सांगतो. कंत्राटदार होते आर्काट नारायणस्वामी मुदलियार. बेंगळुरात आजही चालणाऱ्या त्यांच्या शाळांची सुरुवात 1873 ची. काम 1864 ला सुरू झालं, 1868 ला संपलं. दुमजली, लांबलचक, ग्रीक धाटणीचे खांब आणि लाल रंग. सॅपरचं काम ओळखावं ते इथे: उगाच नक्षी नाही, उंच खोल्या, लांब व्हरांडे, वारा खेळता.

आता नाव बघा. 'अठारा कचेरी'. कन्नडमध्ये अठराला हदिनेंटु म्हणतात, मग हे अठारा कुठलं? हे दख्खनी कारभाराचं शब्दभांडार. म्हैसूरच्या दफ्तरात कन्नडबरोबर मराठीही चालत असे. आपल्याला शिवकाळातले अठरा कारखाने लगेच आठवतात. इथे अठरा म्हणजे सरकारची अठरा खाती, सगळी एका छपराखाली. मराठी माणसाला हे नाव कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पुढे 1951. 13 जुलैला पंडित नेहरूंनी समोरच्या जागेवर विधान सौधाची कोनशिला बसवली. मूळ आराखडा साधा होता. 1952 मध्ये केंगल हनुमंतय्या मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी तो बाजूला ठेवला. समोर परक्यांची लाल इमारत असताना आपली इमारत तिच्याहून लहान दिसून कशी चालेल? वास्तुविशारद बी. आर. माणिक्यम यांनी द्राविडी शैली घेतली: ग्रॅनाइट, चाळीस फुटी खांब, वर घुमट आणि त्यावर सिंहमुद्रा. सुमारे 5,000 मजूर राबले, त्यात कैदीही होते. शिवाय दीड हजारांच्या आसपास पाथरवट, गवंडी आणि सुतार. खर्च पावणेदोन कोटींच्या घरात गेला. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. उधळपट्टीचा आरोप झाला, चौकशी बसली. ऑगस्ट 1956 मध्ये हनुमंतय्यांना पद सोडावं लागलं. ज्या इमारतीसाठी एवढं अंगावर घेतलं, तिथे मुख्यमंत्री म्हणून बसायचं त्यांच्या नशिबी नव्हतं. मला विचाराल तर पैसे जास्त गेले, पण वाया गेले नाहीत. अशा दगडी कामाला नंतर कोणी हात घातला असता असं वाटत नाही.

खाती समोर गेली आणि लाल इमारत उच्च न्यायालयाकडे आली. पण 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने ठरवलं, ही पाडू आणि नवी बांधू. जागा अपुरी पडते, हे कारण खोटं नव्हतं. शहरातली माणसं कोर्टात गेली. कोर्ट कुठे? त्याच इमारतीत! जी पाडायची, तिच्याच छपराखाली तिच्या पाडापाडीची सुनावणी. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, पण असा पेच मी कुठल्या कागदावर पाहिलेला नाही. अखेर इमारत वाचली, आणि वाढीव जागेची सोय मागच्या बाजूला झाली.

कधी कब्बन पार्कात गेलात, तर विधान सौधाकडे पाठ करून या लाल इमारतीकडे दोन मिनिटं बघा. गर्दीतला एकही माणूस तसं करत नाही, सगळ्यांचे फोन पलीकडे वळलेले असतात. पुढच्या भागात लालबागच्या काचघराकडे जाऊ. येतो.