नायट्रोजनाचा प्राणवायु

परिसाच्या कथा आपण ऐकल्या आहेत. एका मूलद्रव्याचें दुसरें करण्याची किमया मनुष्यास साधली खरी. पण तींत सोनें नव्हतें. मँचेस्टर येथें रदरफर्ड यांनीं नायट्रोजनावर आल्फा-कणांचा मारा केला, तेव्हां हायड्रोजनाचे कण बाहेर उडाले. १९१९ सालीं हें प्रसिद्ध होतांच अणूचा गर्भ फुटला, असा बोलबाला झाला. पण मागें उरलें काय?

केंब्रिजमध्यें ब्लॅकेट यांनीं याचा छडा लावला. बाष्पानें भरलेल्या पेटींत कणामागें धुक्याची रेघ उमटते. त्यांनीं सुमारें २३,००० छायाचित्रें घेतलीं. त्यांत रेघा सुमारें ४,००,०००, आणि हव्या त्या प्रकारें दुभंगलेल्या अवघ्या ८! याला तपश्चर्याच म्हणावें.

आल्फा-कण गर्भ फोडून पुढें जाता, तर आघातानंतर तीन वाटा दिसत्या: त्याची, हायड्रोजनाची आणि उरल्या गर्भाची. दिसल्या दोनच. म्हणजे कण गर्भांतच सामावला होता! नायट्रोजनाचे धनभार ७, कणाचे २. हायड्रोजनानें १ नेला, उरले ८. आठ धनभारांचा तो प्राणवायु; मात्र नेहमींच्या १६ भाराऐवजीं १७ भाराचा. १९२५ सालीं हीं चित्रें प्रसिद्ध झालीं. आपल्या नेहमींच्या हवेंतही हें जड भावंड आहे, हें कळलें १९२९ सालीं.